बेन्या क्रीकचा हॉर्न

दुपारी जरा डोळा लागत होता तेवढ्यात खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेतली आणि गल्लीभर कसलीशी आरतीची चाल वाजायला लागली. झोप गेलीच, वर बेन्या क्रीक आठवला. रशियन लेखक इसाक बाबेलच्या 'ओडेसाच्या गोष्टीं'तला ज्यू गुंडांचा राजा. त्याच्या लाल मोटारीला हॉर्नच्या जागी म्युझिक बॉक्स होता, त्यातून ऑपेरातलं मार्च वाजायचं! अंगात चॉकलेटी कोट, खाली क्रीम पँट, पायात लालभडक बूट. एवढं नटून दरोडे कसे घालतात देव जाणे.

आमच्या लहानपणी अलिबागकडे ज्यू म्हणजे शेजारच्या काकू. नऊवारी नेसणाऱ्या, आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणाऱ्या. त्यांच्याकडून मलिदा यायचा, गोड पोहे, खोबरं, वर केळं, आणि तो घरी पोचेपर्यंत वाटी निम्मी व्हायची. त्यामुळे काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदरात, मोल्दावांका नावाच्या वस्तीत, ज्यू दादा लोक खंडणीच्या चिठ्ठ्या पाठवतात हे वाचून मी आधी हसलेच.

पहिल्या गोष्टीत बेन्याच्या बहिणीचं लग्न आहे. पोलीस धाड घालणार असतात, तर ह्याची माणसं पोलीस चौकीच पेटवून देतात, बंब येतो आणि नळाला पाणी नाही. पण माझं लक्ष आपलं मुदपाकखान्यात. ऐंशी वर्षांची, कुबड आलेली एवढीशी राइझल तिथे सगळ्यांवर हुकूम सोडतेय, टर्की, कोंबड्या, मासे, शिवाय बंदरातून चोरून आणलेली रम. कुठलंही लग्न वाचलं की मला हेच, एवढी भांडी घासणार कोण?

दुसरी गोष्ट मात्र गिळवत नाही. दरोड्यात बेन्याचा एक पिऊन आलेला माणूस ऑफिसातल्या गरीब कारकुनाला उगाच गोळी घालतो. मालकाने त्याच्या आईला शंभर रूबल पाठवलेले, मग बेन्या घासाघीस करून ५,००० रोख आणि महिना ५० वर सौदा तोडतो, अख्खं ओडेसा लोटेल अशी अंत्ययात्रा काढतो, आणि आपण वाचणारे त्याच्यावर खूश! ती म्हातारी एकुलता एक मुलगा गेला म्हणून रडतेय, तर आपल्याला बेन्याचं भाषण आवडतंय. बाबेल असा फसवतो बघा.

फ्रोइम ग्राच नावाचा एकडोळ्या म्हातारा गुंड आहे, त्याची शेवटची गोष्ट बाबेलच्या हयातीत छापलीच गेली नाही. रशियन क्रांतीनंतर तो आपल्या टोळीतल्या पोरांसाठी रदबदली करायला एकटाच चेकाच्या, म्हणजे नव्या गुप्त पोलिसांच्या, ऑफिसात जातो आणि त्याला अंगणात नेऊन गोळ्या घालतात. मॉस्कोहून आलेला साहेब नंतर विचारतो, येणाऱ्या समाजात ह्या माणसाचा उपयोग काय होता? चेकातलाच ओडेसाचा पोरगा म्हणतो, नसेल बहुतेक काही.

मे १९३९ मध्ये गुप्त पोलिसांनी बाबेललाच उचललं, कागदांसकट. २७ जानेवारी १९४० ला गोळी घातली. कागद अजून सापडलेले नाहीत.