चोविसाव्या हिश्शाची बार्शी लाईट

बार्शी लाईट या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेचं वाफेचं इंजिन चोविसाव्या हिश्शाच्या मॉडेलात घरात चालवायचं ठरवलं तर पहिला हिशेब फार सोपा सुटतो. खऱ्या रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. त्याला 24 ने भागलं की 31.75 येतात, आणि 32 मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक शौकिनांना खुपतो, पण तोही गाडी हलेपर्यंतच.

पुढचं सगळं घोडं अडतं ते चाकांपाशी. इंग्रज रेल्वे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी या लाईनसाठी लीड्सच्या किटसन कारखान्याकडून जी पहिली इंजिनं करून घेतली, त्यांना कपलिंग रॉडने बांधलेली आठ चाकं आणि मागे आणखी चार. एवढा पसारा का? तर रूळ होते यार्डाला 30 पौंडांचे, मीटरला जेमतेम 15 किलो. एका एक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या आसावर, 5 टनांपेक्षा जास्त भार नको, इंजिनाचा नको आणि भरलेल्या वाघिणीचाही नको, हा त्यांचा आग्रह. सहा एक्सल म्हणजे 30 टनांची मर्यादा. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आपलं कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. याच गृहस्थांनी पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं. कशावर किती वजन सोसवेल, हा विषय त्यांच्या डोक्यातून कधी गेलाच नसावा.

मॉडेलला वजन वाटून घ्यायची काहीच गरज नसते. आठ चाकं मात्र गळ्यात पडतात. प्रत्येक एक्सलवरच्या डाव्या-उजव्या क्रँकपिना, म्हणजे कपलिंग रॉड ज्यांत अडकतो त्या चाकांवरच्या खुंट्या, एकमेकींशी 90 अंशांत हव्यात. खरं तर 88 झाले तरी बिघडत नाही, फक्त चारही एक्सलना 88 च हवेत. एक जरी वेगळा निघाला तरी इंजिन दर फेऱ्याला लंगडतं, आणि लोक उगाच सिलिंडर खोलत बसतात. म्हणून कपलिंग रॉड अखंड न करता सांध्यांनी जोडलेल्या तीन तुकड्यांचा करावा. आधी दोनच एक्सल जोडून हाताने ढकलावं, मग तिसरा, मग चौथा. जो जोडल्यावर अडेल तो चोर. यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या टर्नरला हे एका वाक्यात कळतं. रॉडची भोकं कानसून मोठी करायचा मोह मात्र आवरावा, नाहीतर नुसता खडखडाट. मीटरभर त्रिज्येच्या वळणावर मधली चाकं रुळाशी भांडतात. त्यांचे फ्लँज, म्हणजे रुळाच्या आत उतरणाऱ्या कडा, उतरवून टाकलेले बरे.

बॉयलर तांब्याचा, त्याचे सांधे जोडायचा डाक चांदीचा. कथलाचा चालत नाही. पाणी संपलं की तो वितळतो. बॉयलर चौरस इंचाला 40 पौंड दाबावर चालवायचा असेल तर आधी थंड पाण्याने 80 पर्यंत तपासावा. आत पाणी डिस्टिल्ड घालावं. बोअरचं घातलं तर क्षार साचून पाणी दाखवणाऱ्या काचेच्या बारीक वाटा बुजतात, आणि काच खोटं बोलू लागते.

बॉयलर तापवणाऱ्या गॅसबद्दलच्या विलायती सूचना थंड हवेसाठी लिहिलेल्या असतात: टाकी गारठते, तिला कोमट पाण्यात ठेवा. सोलापूरच्या मे महिन्यात नेमकं उलटं. टाकीतला दाब इतका चढतो की ज्योत बर्नर सोडून उचलली जाते आणि विझते. तेव्हा व्हॉल्व्ह केसभरच उघडावा, आणि गाडी सकाळी आठच्या आत चालवावी.

सिलिंडरला स्टीम ऑइल लागतं, शिलाई मशीनचं तेल वाफेत टिकत नाही. धुराड्यातून तपकिरी शिंतोडे उडाले की तेल पोचतंय असं समजावं. पांढरे कपडे घालून जवळ उभं राहू नये.