एका नावाखाली अडकलेल्या नोंदी सोडवताना

एका जुन्या संग्रहाची सूची नीट लावण्याचं काम माझ्याकडे आलं. पुस्तकं, मासिकं, तबकड्या, चित्रपट, सगळ्याच्या नोंदी संगणकात आधीच भरलेल्या होत्या. पण नाव जुळलं की प्रणालीने नोंदी आपोआप एकत्र केल्या होत्या. ‘हंस’ उघडलं तर एकाच नोंदीत तीन संसार: प्रेमचंदांनी १९३० मध्ये सुरू केलेलं हिंदी मासिक, अनंत अंतरकरांनी १९४६ मध्ये काढलेलं मराठी मासिक आणि १९३६ची हंस पिक्चर्स ही चित्रपटसंस्था. संस्थापक वेगळे, कामं वेगळी. सारखं होतं ते फक्त नाव.

अशा वेळी पहिला मोह होतो तो नावापुढे साल टाकून मोकळं होण्याचा. ते पुरत नाही. हिंदी ‘हंस’ पुढे बंद पडलं आणि राजेंद्र यादवांनी १९८६ मध्ये ते पुन्हा सुरू केलं. इथे साल बदललं तरी नातं आहे. दोन्ही नोंदी एकमेकींना जोडल्याच पाहिजेत. मराठी ‘हंस’ मात्र त्या साखळीत ओवायचं नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला मी आधी एकच प्रश्न विचारायला लागलो: हे नाव कुठल्या दुसऱ्या कृतीकडून आलंय, की स्वतंत्रपणे ठेवलंय?

‘क्रॅश’ने या प्रश्नाची खरी परीक्षा घेतली. त्या नावाखाली एक कादंबरी आणि दोन चित्रपट होते. जे. जी. बॅलार्ड यांची कादंबरी १९७३ची, आणि डेव्हिड क्रोननबर्ग यांचा १९९६चा चित्रपट तिच्यावरूनच केलेला. म्हणजे ही दोन सख्खी. पॉल हॅगिस यांचा २००४चा ‘क्रॅश’, ज्याला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, तो यांच्या नात्यातलाच नाही. तरी आमच्या नोंदीत क्रोननबर्ग यांच्या चित्रपटाला ते ऑस्कर बहाल झालेलं होतं.

गाण्यांत तर गुंता आणखी वाढतो. ‘द पॉवर ऑफ लव्ह’ या नावाची तीन वेगळी गाणी १९८४-८५च्या सुमारास गाजली: फ्रँकी गोज टू हॉलिवूडचं एक, ह्युई लुईस अँड द न्यूजचं दुसरं, जेनिफर रशचं तिसरं. नंतर सेलीन डिऑनने गायलं ते चौथं नव्हे, ते जेनिफर रशचंच गाणं. गायक वेगळा म्हणून गाणं वेगळं होत नाही आणि नाव एक म्हणून गाणं एक होत नाही. गीतकार-संगीतकारांची नावं पाहिल्याशिवाय इथे एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

तबकड्यांच्या बाबतीत मला सगळ्यात भरवशाची खूण सापडली ती वेष्टनावर नाही. तबकडी तिरप्या उजेडात धरली की शेवटचा खोबण-पट्टा आणि मधलं लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत कड्यात कोरलेले आकडे-अक्षरं दिसतात. वेष्टनं अदलाबदल होतात, लेबलं फाटतात. ते कोरलेलं तसंच राहतं. ‘निर्वाणा’च्या तबकड्या मी याच खुणांवरून वेगळ्या केल्या. सिएटलच्या प्रसिद्ध बँडच्या वीसेक वर्षं आधी लंडनमध्ये त्याच नावाचा गट होता. दोघांचा वाद पुढे कोर्टाबाहेर मिटला आणि दोघांनाही नाव वापरायची मोकळीक राहिली. सूचीत मात्र लंडनवाले पार गडप झाले होते. मला या कामात सगळ्यात जास्त लागलं ते हेच. नाव एकच असलं की मोठा लहानाला गिळतो, आणि लहानाचं काम शोधणाऱ्याला कधीच सापडत नाही.

अशी नावं इतकी का असतात, असं बरेच जण विचारतात. नुसत्या शीर्षकाला सहसा कॉपीराइट मिळत नाही, म्हणून. ट्रेडमार्क मिळतो, पण तोही वर्गवार. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत, त्यामुळे दोन वेगळ्या धंद्यांत एक नाव सुखाने नांदू शकतं. धंदे एकमेकांत शिरले की मग कटकट. बीटल्सची ‘ॲपल कोअर’ आणि संगणकवाली ‘ॲपल’ यांचा १९८१ मध्ये समझोता झाला, तरी संगणकातून संगीत वाजू लागल्यावर भांडण पुन्हा पेटलं आणि २००७ मध्ये कुठे निकाली निघालं.

मासिकांसाठी आयएसएसएनची, म्हणजे नियतकालिकांना ओळख-क्रमांक देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत मला फार आवडली. प्रत्येक नियतकालिकाला आठ अंकी क्रमांक, आणि नाव दुसऱ्याशी जुळत असेल तर त्यापुढे कंसात गाव किंवा साल घालून ते वेगळं करायचं. तीच रीत मी सगळ्या सूचीला लावली: नाव, कंसात प्रकार आणि साल, खाली कर्ता. चित्रपट असेल तर कर्त्याचं नाव पोस्टरवरून नाही, श्रेयनामावलीतून घ्यायचं. नातं असेल तिथे ‘हेही पाहा’. नसेल तिथे ‘केवळ नामसाम्य’ असं स्पष्ट लिहायचं. ही दुसरी टीप बऱ्याच सूचीकारांना अनावश्यक वाटते. मी ती सोडत नाही, कारण ती नसली तर पुढचा माणूस त्याच दोन नोंदी पुन्हा जोडून ठेवणार.

काही वस्तूंवर ना साल होतं ना कर्ता. त्या मी कुठल्याच प्रसिद्ध नावाला चिकटवल्या नाहीत. जे हातात दिसतं तेवढंच लिहिलं, म्हणजे भाषा, आकार, पानं, मुद्रकाची खूण, आणि प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक दिला.