तळं आणि गोठा: मिथेन मोजणीची पाचवी नोंद

मंडळी, आमच्या तालुक्यात तळ्यांतून किती मिथेन निघतो आणि गुरांमधून किती, हे घरगुती साधनांनी मोजायचा माझा प्रयत्न चाललाय. मागच्या नोंदीतला आकडा आधी खोडतो. पाझर तलावावर पालथ्या घातलेल्या बादलीत अर्ध्या तासात मिथेन १९ पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत १९ भागांनी) चढला, असं मी लिहिलं होतं. त्यातले ११ पीपीएम मिथेनचे नव्हतेच. ती पाण्याची वाफ होती.

शंका आली आलेखाकडे बघून. पाण्यातून वायू सावकाश पाझरत असेल तर सुरुवातीला रेघ जवळजवळ सरळ चढायला हवी. माझी रेघ पहिल्या आठ मिनिटांत उसळायची आणि मग मंदावायची. घरी परातीत उकळून गार केलेलं पाणी घेतलं आणि तीच बादली त्यावर पालथी घातली. त्या पाण्यात मिथेन कुठून येणार? तरी आकडा ११ने वर गेला. बादलीत बसवलेला टीजीएस २६११ हा तापवलेल्या टिन ऑक्साइडवर चालणारा सेन्सर. मिथेन लागला की त्याचा विद्युत रोध उतरतो, पण ओलाव्यानेही उतरतो. बादलीतली आर्द्रता ५५ टक्क्यांवरून ९५वर जाते, तेवढ्यात त्याची फसगत होते.

मग तीन रात्री परातीवरच बसलो. वेगवेगळ्या आर्द्रतेला आणि तापमानाला सेन्सरचा रोध किती, हे लिहून काढलं आणि त्यावरून दुरुस्तीचं सूत्र बसवलं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका मित्राने नेमका १०० पीपीएम मिथेन असलेल्या प्रमाणित वायूची पिशवी भरून दिली, म्हणून मोजपट्टीचं वरचं टोक पक्कं करता आलं. खालचं टोक म्हणजे शेतातली मोकळी हवा, साधारण २ पीपीएम. ज्यांनी हाच सेन्सर घेतलाय त्यांना कळकळीने सांगतो, परातीची चाचणी केल्याशिवाय तळ्यावर जाऊ नका. सेन्सर दोन दिवस आधीपासून चालू ठेवा आणि बादलीत संगणकातला छोटा पंखा लावा, नाहीतर वायू तळाशी एक आणि सेन्सरपाशी दुसरा राहतो.

दुरुस्तीनंतर उरले अर्ध्या तासात ८ पीपीएम. पाण्यापासून बादलीच्या बुडापर्यंत २० सेंटीमीटर हवा, तापमान ३० अंश आणि आमच्या उंचीवरचा हवेचा दाब धरला, तर दर चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे ४६ मिलिग्रॅम मिथेन निघतो.

पण तळं फक्त पाझरत नाही, ते बुडबुडे सोडतं. १७७६ च्या नोव्हेंबरात इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टाने माज्जोरे सरोवराच्या काठी गाळ ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू पेटतो हे दाखवलं. मीही काठीने गाळ ढवळून पाहिला. राखाडी पाण्यातून बुडबुड्यांची माळ वर आली, तेव्हा मनापासून आनंद झाला. मोजणीसाठी मात्र ढवळून चालत नाही. त्यासाठी ३० सेंटीमीटर व्यासाचं नरसाळं पाण्यात उलटं टांगलं आणि त्याच्या नळीला सिरिंज जोडली. गाळाच्या उथळ टोकाला २४ तासांत २० मिलिलिटर वायू साठला, बंधाऱ्याजवळच्या खोल पाण्यात फक्त ३. उथळ टोकाच्या वायूतला एक मिलिलिटर १० लिटरच्या बंद कॅनमध्ये सोडला, तर सेन्सर सुमारे ५० पीपीएमने चढला. म्हणजे त्यात निम्मा मिथेन आहे. हिशेब केला तर तिथे बुडबुड्यांतूनच चौरस मीटरमागे दिवसाला ८५ मिलिग्रॅम निघतो, पाझरण्याच्या जवळपास दुप्पट. नुसत्या बादलीवर विसंबलो असतो तर हा मोठा हिस्सा निसटला असता.

आता गोठा. शेजारच्या नानांकडे चार दुभत्या गाई आणि दोन म्हशी. नानांना वाटत होतं मी शेण मोजायला आलोय. गोठ्यातला बहुतेक मिथेन ढेकरातून येतो, रवंथ करताना, हे त्यांना समजावून सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "मग तोंडाशी थांब की, आंबोण घालतो." थांबलो, पण उघड्या गोठ्यात वारा सगळं पांगवतो, त्या आकड्यांवर मी काही बांधणार नाही. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत भारतीय उपखंडासाठी दुभत्या गाईमागे वर्षाला ५८ किलो मिथेन आणि म्हशीमागे ५५ किलो धरलेत. त्यावरून नानांचा गोठा दिवसाला साधारण ०.९४ किलो. तलाव अडीच एकरांचा. सगळा उथळ टोकासारखा वागला असता तर पाझर आणि बुडबुडे मिळून दिवसाला १.३ किलो. तो तसा वागत नाही, बंधाऱ्याजवळच्या ३ मिलिलिटरने ते दाखवलंच. म्हणून मी दोन्हींना बरोबरीचं म्हणणार नाही, पण एका गोठ्याशेजारी एक छोटा तलाव विसरता येत नाही, एवढं नक्की.

तालुक्याचा आकडा काढायचा तर खरी अडचण इथेच आहे. गुरं मोजलेली आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून जास्त गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी होत्या. पण ओलं क्षेत्र महिन्यागणिक बदलतं. वरून पाहावं तर सेंटिनेल-५पी उपग्रहावरच्या, हवेतला मिथेन मोजणाऱ्या ट्रोपोमी उपकरणाच्या चित्रातला एक चौकोन सुमारे ७ बाय ५.५ किलोमीटरचा. त्यात माझा तलाव, नानांचा गोठा आणि अख्खं गाव मावतं. शिवाय पावसाळ्यात, तळी भरलेली असतात नेमकं तेव्हाच, ढगांमुळे त्याला दिसत नाही. उघडं पाणीही त्याला लागणाऱ्या अवरक्त प्रकाशात काळंच दिसतं.

गाईचा मिथेन आणि दलदलीचा मिथेन वेगळा ओळखायची एक वाट कार्बन-१३ची, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकाराची आहे. ऊस, मका, ज्वारी खाणाऱ्या जनावराच्या मिथेनमध्ये तो जास्त असतो; भाताच्या पेंढ्यावरच्या जनावराचा मिथेन दलदलीच्या जवळ जातो. नानांची गुरं उसाचं वाढं आणि मक्याचा मुरघास खातात, म्हणजे आमच्या भागात हा फरक पकडता यावा. त्याला लागणारं यंत्र माझ्याकडे नाही. कुणाची अशा प्रयोगशाळेत ओळख असेल तर ढेकराची आणि बुडबुड्यांची नमुना-पिशवी मी भरून द्यायला तयार आहे.

नांदूर मध्यमेश्वर इथून जवळ आहे, पण ते अभयारण्य आणि रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. परवानगीशिवाय तिथे नरसाळं टांगणार नाही. पुढच्या रविवारी पाणकणसाच्या बेटात बादली लावतोय. त्याच्या पोकळ देठांतून वायू वर येतो, त्यामुळे बादलीऐवजी उंच पारदर्शक पिशवी लागेल. तिची चौकट नाना वेळूची करून देतायत.