वर दहा टक्के

फरशी किती आणायची हे गणित शाळकरी पोरालाही सुटावं. लांबी गुणिले रुंदी, भागिले एका फरशीचं क्षेत्रफळ, वर १० टक्के वेस्टेज. तिरकी बसवायची असेल तर १५. हे टक्के कुठे जातात, ते मात्र कुणी विचारत नाही.

साधी १० बाय १२ची खोली घ्या, फरशी ‘दोन बाय दोन’ची. ३० लागतील, असं आपण तोंडी सांगून मोकळे होतो. पण ही दोन बाय दोन असते ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना जवळजवळ १० मिलिमीटर कमी. दहा फुटांत पाच फरशा सांध्यांसकट बसल्या, की भिंतीशी जेमतेम चार सेंटिमीटरची पट्टी उरते. बारा फुटांच्या बाजूलाही तीच गत. (हे खोली गुण्यात, म्हणजे चोख काटकोनात असेल तर. बहुतेक नसतात.)

मिस्त्री या पट्टीला नाक मुरडतो. इतकी बारीक पट्टी कापताना मोडते, आणि बसली तरी दारातून येणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. मग तो मधोमध दोरी धरतो, एक अख्खी ओळ कमी करतो आणि दोन्ही भिंतींना अर्ध्याहून थोडे मोठे तुकडे लावतो. दिसतं झकास. पण अर्ध्याहून मोठे असल्यामुळे एका फरशीतून दोन तुकडे निघत नाहीत. हिशेब होतो ६ गुणिले ७, म्हणजे ४२. एकही फरशी न फुटता ३०चे ४२!

बारीक पट्टी चालवून घेणाऱ्याचं ३२मध्ये भागतं. पलंग, कपाट आलं की ती दिसतेय कुणाला? मीही याच मताचा होतो, स्कर्टिंगचा, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीचा विचार करेपर्यंत. या खोलीला चार इंची स्कर्टिंगचे २१-२२ तुकडे लागतात. बेचाळीसवाल्याच्या कापलेल्या प्रत्येक फरशीमागे पाऊण फुटाहून मोठा तुकडा उरतो, त्यातून दोन पट्ट्या सहज निघतात. त्याचं स्कर्टिंग फुकटात. बत्तीसवाल्याला त्यासाठी पाच फरशा जास्त आणाव्या लागतात. खोक्यात चार धरल्या तर बत्तीसवाल्याची १० खोकी, बेचाळीसवाल्याची ११.

एका खोक्यासाठी कोण वाद घालणार? दोरी मधोमधच धरावी. खोकी मात्र सगळी एकाच बॅचची, एकाच शेडची बघून घ्यावीत, कारण पुढच्या बॅचचा रंग किंचित वेगळा निघतो. उरलेल्या दोन फरशाही टाकू नयेत, पुढे एखादी फुटली तर त्याच कामाला येतात.