आकडा सांग गं बाळ

लास व्हेगासमधल्या एका हॉटेलात भर दुपारी एक गृहस्थ रुलेटच्या, म्हणजे चाक फिरवून आकड्यांवर खेळायच्या जुगाराच्या, टेबलापाशी उभे राहून वहीत आकडे उतरवून घेत होते. टेबलाशेजारच्या खांबावर आधी लागून गेलेले आकडे दिव्यांनी झळकत असतात, तेच ते मन लावून टिपत होते. पैसे मात्र लावत नव्हते. बाहेर कठड्याला हात लावला तर चटका बसेल असं ऊन आणि आत एसीने अंगावर काटा. आमचे हे आणि मुलगा मशीनपुढे बसलेले, आणि मी शाल पांघरून या गृहस्थांकडे बघतेय.

यांना मी ओळखत होते. साताऱ्याला आमच्या वाड्यात, जिन्याखालच्या खोलीत राहायचे ते.

म्हणजे हे गृहस्थ नव्हेत, अगदी असेच आमचे ते काका. कुठल्याशा कचेरीत कारकून होते आणि मटका खेळायचे. त्यांच्याकडे एक दोनशेपानी वही होती, तिच्यात रोजचा ओपन, रोजचा क्लोज. त्यावरून उद्याचा आकडा काढायचा. पण खरा विश्वास पोरांवर. पोराच्या तोंडून निघालेला आकडा लागतो म्हणे. मी दप्तर घेऊन निघाले की अडवायचे, "आकडा सांग गं बाळ, एकच." मी कायम सात सांगायची. एकदा सात लागला असावा, कारण लिमलेटच्या गोळ्यांची अख्खी पुडी हातात आली. आईने ती तशीच परत करायला लावली. पुढे मी सातच सांगत राहिले. पुडी काही आली नाही, काकूंची पितळी भांडी मात्र एकेक करून मोडीत गेली.

मटक्याचे आकडे मुळात अमेरिकेतूनच यायचे, हे मला फार उशिरा कळलं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्यावर पैजा लागायच्या. ते थांबल्यावर चिठ्ठ्या आणि माठ आला. तेव्हा काकूंच्या पातेल्यांचं अमेरिकेशी लांबचं का होईना, नातं होतंच.

रुलेटच्या चाकावर 36 आकडे आणि वर दोन हिरवी शून्यं, म्हणजे 38 घरं. आकडा लागला तर देतात 35 पट. त्या दोन शून्यांना ही सगळी झुंबरं टांगलेली आहेत. मागे काय लागलं ते चाकाला आठवत नसतं, पण वहीवाल्याला हे कोण सांगणार? काकांना कुठे कोणी सांगितलं होतं?

मला जुगारात रस नाही, पाट्यांत आहे. इतिहासाची पाटी दिसली की मी थांबलेच. घरचे पुढे जाऊन उभे राहतात, आता कुरकुरतसुद्धा नाहीत. व्हेगासला पाट्या वाचायला कोणी येत नाही, त्यामुळे त्या अगदी निवांत वाचता येतात. या वाळवंटात मुळात झरे होते. इथले मूळ रहिवासी पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर जगले. 1855 मध्ये तिथे कच्च्या विटांचा किल्ला बांधला तो मॉर्मन लोकांनी, म्हणजे ज्यांच्या धर्मात दारू, जुगार आणि कॉफीसुद्धा वर्ज्य! दोनेक वर्षांत ते निघून गेले. मग रेल्वे आली, तिच्या इंजिनांना पाणी हवं होतं, आणि 15 मे 1905 ला रेल्वे कंपनीने तिथले प्लॉट लिलावात काढले. पाणी उपसता उपसता 1962 मध्ये झरे आटले. हॉटेलांची कारंजी चालू आहेत.

जुगार नेवाडानेही, म्हणजे व्हेगासच्या राज्यानेही, 1910 पासून बंद केला होता, बरं का. मंदीत हात आखडले तेव्हा मार्च 1931 मध्ये तो परत मोकळा केला. त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचं काम निघालं. कामगारांसाठी सरकारने बोल्डर सिटी हे सोवळं गाव वसवलं, तिथे ना दारू ना जुगार. पगाराच्या दिवशी मंडळी कुठे जात असतील ते सांगायला नको. बोल्डर सिटीत आजही कॅसिनो नाही.

माफियांचा भाग सिनेमांमुळे सगळ्यांना पाठ आहे, तो सोडते. मला गंमत वाटली ती हद्दीची. आपण व्हेगास म्हणून ज्याचे फोटो दाखवतो तो दिव्यांचा रस्ता बहुतेक सगळा लास व्हेगास शहरात नाहीच. शहराने हद्दवाढ करून कर लावू नये म्हणून 1950 मध्ये कॅसिनोवाल्यांनी पॅरडाइज नावाची वेगळी वस्ती जाहीर करून घेतली. नाव शहराचं लावायचं, कर मात्र द्यायचा नाही. महापालिकेच्या हद्दीला अगदी खेटून प्लॉट घेणाऱ्या माझ्या माहेरच्यांना हे ऐकून भरून येईल.

संध्याकाळी मुलाने अणुचाचण्यांच्या संग्रहालयात नेलं, "आई, तिथे पाट्याच पाट्या आहेत" म्हणून. 1951 पासून व्हेगासच्या वायव्येला शंभरेक किलोमीटरवर बॉम्ब फोडायला लागले. 1962 पर्यंत उघड्यावर सुमारे शंभर. ढग शहरातून दिसायचे. हॉटेलांनी त्याचाही कार्यक्रम केला. रात्रभर प्यायचं आणि पहाटे स्फोट बघायचा. 1957 मधला एक फोटो तर प्रसिद्धच आहे, पोहण्याच्या पोशाखावर कापसाचा अणुढग चिकटवलेली, हात पसरून हसणारी नर्तकी. तो आठवून मीही हसले.

मग पुढचं वाचत गेले. स्फोटाची किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर जायची, म्हणून स्फोट वाऱ्याची दिशा बघून करायचे. वारा लास व्हेगास किंवा लॉस एंजेलिसकडे वाहत असेल तर थांबायचं, पूर्वेकडे असेल तर चालेल. पूर्वेला शेजारच्या युटा राज्यातली सेंट जॉर्जसारखी छोटी गावं होती. बहुतेक मॉर्मनच, दारू-जुगाराला न शिवणारे. 1953 मध्ये त्या भागात मेंढ्या हजारोंनी मेल्या आणि सरकार म्हणालं, बॉम्बचा काही संबंध नाही. माणसं नंतर आजारी पडायला लागली. 1990 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून माफी मागितली आणि भरपाई ठरवली, माणशी 50,000 डॉलर. त्यासाठी कायद्यातल्या यादीतलाच कॅन्सर झालेला असावा लागे.