विचारून चाललेली वाट

आजींनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून आणला होता. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "आधी वाट चालू. कागद शेवटी." आणि काठी टेकत पुढे निघाल्या. वय वर्षं ८४.

मी इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या पायवाट विभागात काम करते. आमच्या राजापुराकडे हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, पायवाटांना सरकारी खातं कशाला? इथे लागतं. १९४९ च्या कायद्यानं सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. जमीन कुणाच्याही मालकीची असो, नकाशात वाट असेल तर तिच्यावरून चालण्याचा हक्क सगळ्यांचा. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत. कुठे पिवळा बाण गळून पडलेला असतो, कुठे लाकडी पूल कुजलेला. कुठे शेतकरी वाट नांगरतो आणि चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करायची विसरतो. माझे बहुतेक दिवस याच कामात जातात. हे प्रकरण निराळं होतं, कारण ही वाट नकाशात नव्हतीच.

गाव डर्बीशायरच्या चुनखडीच्या पठारावरचं, चाळीसेक घरांचं. चर्चच्या मागून निघून तीन कुरणं ओलांडून पलीकडच्या वाडीला जाणारी ही वाट. पन्नासच्या दशकात गावोगावच्या लोकांनी आपापल्या वाटा चालून याद्या केल्या, तेव्हा ही राहून गेली. आजींच्या मते, सगळ्यांनाच ठाऊक होती म्हणून कुणी लिहिली नाही. २०२१ च्या वसंतात कुरणांचा मालक बदलला आणि फाटकाला कुलूप लागलं. गावानं आमच्याकडे अर्ज केला, सोबत जबानीचे १९ फॉर्म.

कायदा दिसायला सोपा आहे. वाटेच्या हक्काला पहिल्यांदा हरकत घेतली जाते त्या दिवसापासून मागे मोजायचं. लोक वीस वर्षं खंड न पडता, हक्कानं चालत असतील तर ती वाट सार्वजनिक. मालकानं तशी देण्याचा आपला इरादा नव्हता हे त्या काळातल्या पुराव्यानं दाखवलं तरच नाही. १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टचं हे ३१ वं कलम. 'हक्कानं' या शब्दाच्या पोटात तीन अटी आहेत: जबरदस्तीनं नाही, चोरून नाही आणि परवानगीनं नाही. पहिल्या दोन कुणालाही पटतात. तिसरी समजावून सांगताना मला आजही जड जातं. परवानगी घेऊन चाललात तर तुम्ही मालकाच्या मर्जीनं चाललात, मग हक्क कसला? मराठीत यासाठी 'वहिवाट' हा नेमका शब्द आहे. आपल्याकडच्या १८८२ च्या कायद्यातही वीसच वर्षं आहेत आणि 'हक्क म्हणून' ही अटही आहे. कोकणात अर्धी भांडणं या एका शब्दावर होतात, त्यामुळे तो मला कायद्याची पुस्तकं हातात येण्याआधीच माहीत होता.

कुलूप काढायला मालकानं त्या दिवसापुरती संमती दिली होती. पहिल्या कुरणाच्या टोकाला गडगा होता, चुन्यामातीशिवाय दगडावर दगड रचलेला, अगदी आपल्याकडच्यासारखा. त्यात दोन उभे दगड रोवून मधे फट ठेवलेली. माणूस अंग तिरकं करून जातो, मेंढी अडकते. दोन्ही दगडांच्या आतल्या कडा गुडघ्याच्या उंचीवर गुळगुळीत झाल्या होत्या. मी फोटो घेतला, फटीची रुंदी मोजली. आजी म्हणाल्या, "यातला थोडा गुळगुळीतपणा माझा आहे, डक." त्या भागात आपुलकीनं 'डक' म्हणतात, आपण 'बाळा' म्हणतो तसं.

त्यांचं माहेर त्या वाडीतलं, शाळा गावात. १९४७ च्या हिवाळ्यात बर्फ इतका पडला की गडगे दिसेनासे झाले आणि मुलं गडग्यांच्या माथ्यावरून चालत शाळेला गेली. लग्न होऊन त्या गावात आल्या, मग त्याच वाटेनं उलट दिशेनं आईकडे जाऊ लागल्या. रोज संध्याकाळी, हातात झाकणाचा डबा. आई गेल्यावरही त्यांनी वाट सोडली नाही. मी भराभर लिहून घेत होते. साक्षीदार असा असावा असं मनात येत होतं: वर्षं पक्की, तपशील पक्के, फुगवून काही नाही.

तिसऱ्या कुरणात एका दगडावर बसून मी फॉर्ममधले ठरलेले प्रश्न विचारले. वाट किती रुंद होती? कधी पाटी होती का? कुणी अडवलं का? शेवटी, "चालायला कधी कुणाची परवानगी घेतली होती?"

आजींचा चेहरा उजळला. त्यांनी रबर काढलं.

गावच्या चर्चचं ते चार पानी पत्रक होतं, जुलै २००१ चं. त्या वर्षी लाळ्या-खुरकूत रोगाची मोठी साथ आली होती. देशभरात साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून गावोगावच्या पायवाटा बंद झाल्या. फाटकांपाशी जंतुनाशकात भिजवलेलं गवत पसरलेलं असे. साथ ओसरल्यावर आजी जुन्या शेतकऱ्याच्या दारात गेल्या आणि आता कुरणातून गेलं तर चालेल का, असं विचारलं. तो म्हणाला, खुशाल जा, सगळ्यांनाच सांग. त्यांनी घरी येऊन चार ओळी लिहिल्या आणि पत्रकात छापून आणल्या: मालकाच्या कृपापूर्वक परवानगीनं वाट पुन्हा खुली आहे, सर्वांनी जरूर चालावं.

"बघ," त्या म्हणाल्या, "लेखी आहे. आता तो नवा माणूस काय बोलेल?"

माझं पेन थांबलं. २००१ ते २०२१. बरोबर ती वीस वर्षं, आणि त्यांच्या पहिल्याच उन्हाळ्यात, छापील, सगळ्या गावाला दिलेली परवानगी.

हा कागद मालकाच्या वकिलाकडे नव्हता. बहुधा एवढी एकच प्रत उरली असावी. हा विचार मनात आला हे मी लपवणार नाही. पण मी ना गावाची, ना मालकाची. माझ्यासमोर आलेला पुरावा मला नोंदवावाच लागतो. मी पत्रक ताब्यात घेतलं, पावती फाडून त्यांच्या हातात दिली आणि कागदाचा अर्थ सांगितला. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं कठीण बोलणं मला करावं लागलं नव्हतं.

त्या बराच वेळ पावतीकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी विचारलं म्हणून वाट गेली?"

मला उत्तर सुचेना. दुसऱ्याच्या खळ्यातून जाताना विचारावं हे मला माझ्या आजीनं शिकवलं, यांना यांच्या आजीनं. याच जिल्ह्याच्या उत्तरेला, २४ एप्रिल १९३२ रोजी, चारेकशे लोक चालण्याच्या हक्कासाठी, कुणालाही न विचारता किंडर स्काउटच्या पठाराकडे चढले. त्यातल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. आज त्यांचा अभिमानानं उल्लेख होतो आणि व्हायलाच हवा. पण आजारी जनावरांच्या काळजीनं एका शेतकऱ्याचं दार ठोठावणाऱ्या बाईसाठी कायद्यात एकही ओळ नाही, याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

मी पत्रक पुन्हा वाचलं. मग तारीख पुन्हा वाचली.

"आजी, त्या उन्हाळ्याआधी कधी विचारलं होतं?"

"त्याआधी?" त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "शाळेला जाताना कोण विचारतं? आईकडे जाताना?"

"आणि बाकीचे?"

"कुणीच नाही. ती वाट होती."

मी दगडावरून उठले. मोजणी कुलपापासूनच सुरू व्हायला हवी असं नाही. ज्या दिवशी हक्कालाच हरकत येते, तो दिवस धरायचा. 'ही वाट परवानगीनं खुली आहे' असं गावाला छापून सांगणं म्हणजे ती हक्काची नाही असं सांगणंच की. मग हरकतीचा दिवस जुलै २००१ चा धरता येईल आणि वीस वर्षं होतील १९८१ ते २००१. त्या काळात कुणी विचारलं नव्हतं. ज्या कागदानं एक मुदत बुडवली, त्याच कागदानं दुसरी उघडली होती.

मी आजींना लगेच भरवशाचं काही सांगितलं नाही. मालकाचा वकील याला विरोध करेल. प्रकरण चौकशीला गेलं तर सरकारनं नेमलेला निरीक्षक ठरवेल आणि त्याला माझा अर्थ पटेलच असं नाही. शिवाय मोठी अडचण पुराव्याची होती. १९ फॉर्मांपैकी फक्त सहा जण १९८१ च्या आसपास गावात होते. बाकीचे नंतर आलेले. जुने लोक कुठे गेले, आहेत की नाहीत, हे आमच्या फायलीत नव्हतं.

आजींनी हे सगळं डोळे बारीक करून ऐकलं. मग काठीवर जोर देऊन उठल्या आणि ज्या उंचवट्यावरून गाव दिसतं तिथपर्यंत चालत गेल्या. मी मागोमाग.

"पेन आहे ना?" त्यांनी काठी उचलून गावाकडे रोखली. "डावीकडून धर. पहिलं धुराडं, तिथे दोघी बहिणी होत्या. धाकटी आहे, मुलाकडे असते. दुसरं सोड, ते सुट्टीला येणाऱ्यांचं घर. तिसऱ्यात पोस्टमन. पंचवीस वर्षं याच वाटेनं वाडीची पत्रं नेली त्यानं. आता शेफील्डला लेकीपाशी आहे, कानानं कमी ऐकतो, पण डोकं शाबूत आहे. लिहिलंस? चौथं..."