योहान सुटला का?

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा सोबत विषयही सुचवले होते: शाळेची शिस्त, आवडते शिक्षक, शाळेने दिलेले संस्कार. शिस्तीवर लिहिणारे पुष्कळ निघतील. मला लिहायचंय ते 1982च्या डिसेंबरबद्दल. मी आठवीत होते आणि आमच्या वर्गातल्या कितीतरी घरांत जवळजवळ वर्षभर पगार आलेला नव्हता.

आताच्या मुलांसाठी थोडं सांगावं लागेल. 18 जानेवारी 1982ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा बेमुदत संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदलीवाल्यांना, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजच्या रोज लागणाऱ्यांना, कायम करून हवं होतं, आणि ज्या कायद्यामुळे एकाच मान्यताप्राप्त युनियनला मालकांशी बोलता येई तो कायदा जायला हवा होता. भायखळ्यापासून परळपर्यंत पाळीच्या भोंग्यावर माणसं उठायची, जेवायची. ते भोंगेच बंद पडले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गात काही बाकं मोकळी होती. ती मुलं आईबरोबर गावी गेली होती, कुणी कोकणात, कुणी साताऱ्याकडे. आम्हाला जायला गाव नव्हतं. आजोबा नगर जिल्ह्यातून मुंबईत आले ते मागे काही शिल्लक नव्हतं म्हणूनच.

बाबा रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत, होते, आजोबाही रिंगखात्यातच. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, पगार जास्त मिळायचा, पण तिथे धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून आजोबांच्या काळी आमच्या, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या, लोकांना त्या खात्यात उभं करत नसत. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यात फरक पडला नाही. 1928च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता, हे मला आजोबांकडून कळलं, शाळेच्या पुस्तकातून नाही. असो.

संपात बाबा पहाटे भायखळ्याच्या भाजी मार्केटात हमालीला जायचे. घाऊक भाजीबाजार तेव्हा तिथेच होता, वाशीला गेला तो पुढे 1996मध्ये. येताना चेपलेले टोमॅटो, पिवळी पडलेली मेथी घेऊन यायचे. आई एका खानावळीसाठी चपात्या लाटायची. रेशनच्या पामतेलाचा वास आमच्या खोलीच्या भिंतींत मुरला होता. फीचा प्रश्न ई.बी.सी.च्या, म्हणजे गरीब घरांसाठीच्या फीमाफीच्या, फॉर्मवर सुटला, वह्यांचा सुटत नव्हता. एके दिवशी वर्गशिक्षिका बाईंनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि कपाटातून वह्या काढून दिल्या. आदल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं फाडून, दाभणाने शिवून, वर ब्राऊन पेपर चढवलेला. पानांच्या रेघा एकसारख्या नव्हत्या. काही दुरेघी, काही एकरेघी, मध्येच गणिताचे चौकोन. बाई एवढंच म्हणाल्या, "अक्षर बारीक काढ." त्यावर भाषण नाही, प्रार्थना नाही, आणि वर्गात कुणाला पत्ताही नाही.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. त्या वर्षी पहिला रविवार 28 नोव्हेंबरला आला होता. आपल्या शाळेत रविवारी सुट्टी, म्हणून आगमनाची मेणबत्ती सोमवारच्या प्रार्थनेला लागायची. संगीताच्या बाईंनी सायकलवाल्याकडून एक जुनी रिम मागून आणली, तिला अशोकाची पानं बांधली आणि चार मेणबत्त्या बसवल्या. तिघींना जांभळा पतंगाचा कागद, एकीला गुलाबी. चाकच का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा बाईंनी हॅम्बुर्गची गोष्ट सांगितली. योहान विखर्न नावाच्या पाळकाने तिथे गरिबांच्या मुलांसाठी आश्रम काढला होता. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून 1839मध्ये त्याने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, दिवसाला एक, रविवारची मोठी. आगमनाचं चक्र चर्चमध्ये गेलं ते पुढे. आधी ते उपाशीतापाशी पोरांच्या घरातलं होतं. संपकऱ्यांच्या पोरांनी ही गोष्ट कान देऊन ऐकली हे सांगायला नको.

त्याच महिन्यात एक पाहुणे उपदेशक आले होते. पालकांनाही बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं की संकट ही देवाने घेतलेली परीक्षा आहे, भरवसा ठेवा, कुरकुर करू नका. बाहेर पडताना बाबा आईला म्हणाले, "पगार चालू असला की पेपर सोपा जातो." आईने त्यांना डोळ्यांनी दटावलं, पण हसू तिलाही आवरलं नाही. बाबांचा देवावर विश्वास नव्हता असं कुणी समजू नये. पहाटे मार्केटला निघताना ते दाराशी उभं राहून प्रभूची प्रार्थना म्हणायचे, आणि "रोजची भाकर" इथे थांबून, खोलीत कोण कोण झोपलंय ते बघून पुढे जायचे. संप जिंकू दे, असं त्यांनी कधी मागितलेलं मी ऐकलं नाही. कायम भाकरच.

आता त्या सोमवाराकडे येते. तिसरा रविवार हा आनंदाचा, त्याची मेणबत्ती गुलाबी. बाईंनी ती पेटवली आणि शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाला मत्तयाचा अकरावा अध्याय काढला. बाप्तिस्मा करणारा योहान हेरोदाच्या तुरुंगात आहे. ज्याने नदीकाठी येशूकडे बोट दाखवलं, तोच आता शिष्यांकरवी विचारतोय: येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू सरळ हो म्हणत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता ऐकायला मिळते, हे जाऊन योहानाला सांगा, म्हणतो.

डिसेंबरात शास्त्राचा तास सगळ्यांचा एकत्र असायचा. मागच्या बाकावर लालबागचा एक मुलगा होता, ख्रिस्ती नव्हे, त्याचे वडीलही संपावर. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मग योहान सुटला का?"

बाईंनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "नाही सुटला. तुरुंगातच मारला त्याला."

मला वाटलं आता बाई पुढे काहीतरी सांगतील, स्वर्गाबद्दल, मोठ्या योजनेबद्दल. मोठी माणसं सांगतात तसं. बाईंनी सांगितलं नाही. त्या मुलाने विचारलं, "आणि त्याने असं विचारलं म्हणून येशू रागावला नाही?" बाई म्हणाल्या, "पुढची ओळ वाच." त्याने वाचली. निरोपे निघून गेल्यावर येशू लोकसमुदायाला सांगतो की स्त्रियांच्या पोटी जन्मलेल्यांत योहानाहून मोठा कुणी झाला नाही. तास संपला.

घरी मी हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी शास्त्र मागून घेतलं आणि तो अध्याय कंदिलाशी धरावा तसा बल्बखाली धरून स्वतः वाचला. नंतर म्हणाले, "विचारायला हरकत नाही म्हणजे." त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब धर्मप्रवचन हेच.

नाताळच्या सुट्टीआधी नाटक असायचं. मरीयेचं काम मला मिळालं ते आवाज मोठा होता म्हणून. बाकी माझ्यात मरीयेसारखं काही नव्हतं. एरवी देवदूतांचे झगे गिरणीच्या दुकानातल्या सवलतीच्या मांजरपाटाचे व्हायचे. त्या वर्षी चादरी आल्या. मेंढपाळांना घोंगडी हवी होती, ती आमच्या चाळीतल्या साताऱ्याच्या माळकरी काकांनी दिली आणि बजावलं, "वारीला नेतो ती, ओढाताण करू नका." गव्हाणी म्हणून रेशन दुकानातलं खोकं होतं. दरवर्षी प्रेक्षकांत आयाच असायच्या. त्या वर्षी हॉल वडिलांनी भरला, कारण कुणालाच पाळी नव्हती.

लूकच्या पहिल्या अध्यायातलं मरीयेचं स्तोत्र मला पाठ म्हणायचं होतं. त्यात देव अधिपतींना आसनांवरून खाली ओढतो आणि दीनांना उंच करतो. मी तिथवर आले, मग भुकेल्यांना तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं, तिथे आले, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "एकदम बरोबर!" टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत मुख्याध्यापिका बाईंनी मान वळवली, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि त्यांना काय करावं कळेना. मला पुढची ओळ आठवेना. पडद्यामागून संगीताच्या बाई म्हणाल्या, "थांबू नको, अजून अब्राहाम यायचाय." मी अब्राहामापर्यंत पोचले. परतताना बाबा म्हणाले, "मरीया युनियनची होती वाटतं." आईने त्या नाताळात करंज्या केल्या नाहीत. गुळाचे शंकरपाळे केले, आणि घोंगडीबरोबर एक डबा माळकरी काकांकडे गेला.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. बाबांना गिरणीने परत घेतलं नाही. पुढे ते एका इमारतीत रात्रपाळीचे वॉचमन झाले आणि त्या नोकरीवर आम्ही भावंडं शिकलो. मी नर्सिंगला गेले. वॉर्डात नातेवाईक विचारतात, "सिस्टर, बरा होईल ना?" तेव्हा तोंडाशी एक सोपं उत्तर येतं, आणि मला बाईंचं ते "नाही सुटला" आठवतं. मी डॉक्टरांना बोलावते, खुर्ची देते, आणि माहीत नसेल ते बोलत नाही. प्रार्थना मागितली तर करते.

गिरण्यांच्या जागी टॉवर झाले. 2012मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. बाबांच्या नावाचा अर्ज होता, नंबर लागला नाही. बाबा आता नाहीत, वारस म्हणून आई आहे. सोडतीची बातमी आली की ती पाळकसाहेबांना प्रार्थनेला सांगते आणि मला फोन करते: बाबांचं गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, रेशनकार्ड, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेव, मागच्या वेळच्या पुसट आल्या होत्या.